‘सगळे समाधानी आहेत’: सिअर्स कंपनीचे सर्व्हे आणि आपल्या प्रश्नावल्या



तुमच्यापैकी बरेच जण सध्या आराखडा लिहिताय. ‘संशोधन पद्धती’ या मथळ्याखाली तुम्ही काय लिहिणार, हे मी आत्ताच सांगू शकते: ‘प्रश्नावली व मुलाखत’. मीही तेच लिहिलं होतं. म्हणून आज आधी माझी फजिती सांगते, मग एका अमेरिकन दुकान-कंपनीची गोष्ट सांगते. ती गोष्ट साधारण पन्नास वर्षांची आहे, पण तुमच्या आराखड्यातल्या त्या एका ओळीशी तिचा थेट संबंध आहे.

एम.ए.ला असताना आम्हाला क्षेत्रभेटीचं काम होतं. मी एका मोठ्या साड्यांच्या दुकानात गेले. मालकांची परवानगी घेतली, काउंटरवरच्या सगळ्यांना फॉर्म वाटले. त्यात एक प्रश्न होता, ‘तुम्ही तुमच्या कामावर समाधानी आहात का?’ खाली पाच पर्याय. अर्ध्या तासात फॉर्म परत आले. मॅनेजरनीच गोळा करून, टाचणी लावून, हातात दिले. ‘समाधानी’, ‘समाधानी’, ‘पूर्ण समाधानी’. मी खूश! संध्याकाळी बसस्टॉपवर त्याच दुकानातल्या एक काकू भेटल्या. म्हणाल्या, “अगं, दिवसभर उभं राहून पाय सुजतात. साधं स्टूल नाही टेकायला. पण ते तू विचारलंसच कुठे? आणि कागद तर सरच गोळा करत होते.”

फॉर्म घेऊन मी सरांकडे, म्हणजे माझ्या तेव्हाच्या मार्गदर्शकांकडे गेले आणि म्हटलं की हे सगळं फेकून द्यावं लागणार. ते म्हणाले, “फेकू नकोस. यात माहिती आहे. फक्त तुला वाटते त्या गोष्टीची नाही.”

हे वाक्य मला नीट कळलं ते सिअर्सबद्दल वाचल्यावर.

कंपनी कोणती, आणि तिलाच का निवडायचं?

सिअर्स, रोबक अँड कंपनी ही शिकागोची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टपालाने माल विकणारी कंपनी म्हणून ती उभी राहिली. जाडजूड कॅटलॉग खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांकडे जायचा, ऑर्डर टपालाने यायची, माल रेल्वेने जायचा. १९२४ मध्ये रॉबर्ट वूड हे माजी लष्करी अधिकारी कंपनीत आले आणि १९२५ पासून सिअर्सने स्वतःची दुकानं काढायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशकं अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या किरकोळ विक्री कंपन्यांत तिचं नाव होतं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आपल्या नोकरांच्या मनात काय चाललंय हे या कंपनीने अनेक दशकं पद्धतशीरपणे मोजलं. कामगारांच्या असंतोषाचा अभ्यास करणाऱ्याला एरवी काय मिळतं? संपाच्या बातम्या, कोर्टाचे निकाल, संघटनांची पत्रकं. म्हणजे भांडं फुटल्यानंतरचा आवाज. सिअर्सकडे मात्र भांडं फुटायच्या आधीची नोंद आहे, तीही हजारो लोकांची. संशोधकाला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

थांबा. लगेच हुरळून जाऊ नका. ही नोंद सुरू का झाली ते आधी बघू.

१९३८: सर्व्हे सुरू का झाले?

कुठलंही साधन हातात आलं की पहिला प्रश्न तारखेचा. सिअर्समध्ये हे सर्व्हे सुरू झाले ते १९३८-३९ च्या सुमारास. त्याआधीची तीन-चार वर्षं डोळ्यांसमोर आणा.

१९३५ मध्ये अमेरिकेत वॅगनर कायदा झाला. कामगारांना संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क मिळाला, आणि मालकाने त्यात ढवळाढवळ करायची नाही असं ठरलं. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या फ्लिंट इथे मोटार कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले. आणि २७ फेब्रुवारी १९३७ ला डेट्रॉइटमधल्या वूलवर्थच्या दुकानात काउंटरवरच्या १०८ मुलींनी काम थांबवलं, दुकानातच मुक्काम ठोकला. आठवडाभराने त्या पगारवाढ घेऊनच बाहेर पडल्या. ‘दुकानातल्या मुली काय संप करणार!’ असं म्हणणाऱ्या सगळ्यांना हा धक्का होता.

मग सिअर्सच्या वरिष्ठांना काय वाटलं असेल? त्यांनी एक बाहेरची फर्म नेमली: हाउझर. तिने दुकानांमधून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. कर्मचाऱ्याने नाव लिहायचं नाही. साहेब कसे आहेत, काम कसं आहे, पगार कसा आहे, पुढे जायची संधी आहे का, कंपनीबद्दल एकूण काय वाटतं, असे प्रश्न. कंपनीच्या बाजूने हे काम बघायला जेम्स वर्दी नावाचा तरुण अधिकारी होता. त्याचं नाव लक्षात ठेवा.

युद्धाच्या काळात हे काम थंडावलं आणि नंतर वेगळ्या रूपात परत आलं. आता शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ जोडीला होते. त्यांतले बर्ली गार्डनर हे हॉथॉर्नमध्ये काम करून आलेले. हॉथॉर्न म्हणजे शिकागोजवळचा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना. मॅनेजमेंटच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो तोच. तिथे १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या होत्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारले जायचे, पण मुलाखत घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की माणसाला आपलं आपण बोलू दिलं तर खरं दुखणं बाहेर येतं. ही ‘ऐकून घ्यायची’ पद्धत सिअर्समध्येही आली. आधी प्रश्नावली, मग जिथे काही बिघडलंय असं दिसेल तिथे मोकळी मुलाखत.

पद्धत म्हणून हे उत्तम आहे. आज आपण ज्याला ‘मिश्र पद्धती’ म्हणतो आणि आराखड्यात मोठ्या अभिमानाने लिहितो, ती इथे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी चालू होती.

त्यांना काय सापडलं?

१९५० मध्ये वर्दीने ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. बारा वर्षांत कंपनीच्या कित्येक शाखा आणि सुमारे एक लाख कर्मचारी यांच्या पाहणीतून काय निघालं, ते त्यात मांडलं होतं. कंपनीतला माणूस समाजशास्त्राच्या सगळ्यात मानाच्या नियतकालिकात लिहितो, हीच तेव्हा नवलाची गोष्ट.

निष्कर्ष काय होता? लहान शाखेत माणसं जास्त खूश असतात. आणि ज्या शाखेत वरपासून खालपर्यंत साहेबांच्या उतरंडी कमी, तिथे लोकांचं मनोबल जास्त. जिथे प्रत्येक साहेबावर एक साहेब आणि प्रत्येक कामाचे बारीक तुकडे, तिथे वरचा दाब खाली सरकत जातो आणि सगळ्यात खालच्या माणसाला आपण निव्वळ मोजले जातोय असं वाटतं. लोकांच्या नाराजीत पगाराचा क्रमांक वरिष्ठांना वाटत होतं तितका वरचा नव्हता, हेही या पाहण्यांमधून पुढे आलं.

आता हे वाचून तुम्हाला काय वाटतं? मला तरी पहिल्यांदा वाचताना वर्दी आवडला. तो दोष कामगारांवर ढकलत नव्हता. नोकर आळशी आहेत, कृतघ्न आहेत असं म्हणत नव्हता. असंतोषाचं मूळ कंपनीच्या रचनेत आहे, असं तो स्वतःच्याच कंपनीला सांगत होता. हे सोपं नाही.

पण त्याच निष्कर्षाकडे जरा तिरकं बघा. ‘पगार हे मुख्य कारण नाही’ हे वाक्य कोणाला ऐकायला आवडेल? पगार देणाऱ्याला. ‘लोकांना चांगला साहेब हवाय’ असं निघालं तर उपाय स्वस्त: साहेब बदला. ‘लोकांना संघटना हवी आहे’ असं निघालं तर उपाय महाग. निष्कर्ष खोटा आहे असं मी म्हणत नाही. आकडे खरे असू शकतात आणि तरीही ते कोणाच्या टेबलावर जाणार आहेत यावर त्यांचा अर्थ ठरतो.

दुसरी खोली

सिअर्समध्ये त्याच काळात आणखी एक माणूस होता, नेथन शेफरमन. कंपनीने त्याला १९३५ मध्ये घेतलं, म्हणजे वॅगनर कायदा झाला त्याच वर्षी. १९३९ मध्ये कंपनीच्याच पाठबळावर त्याने स्वतःची सल्लागार संस्था काढली: लेबर रिलेशन्स असोसिएट्स. तिचं काम सरळ शब्दांत सांगायचं तर, कामगार संघटना आत येऊ नये म्हणून कंपन्यांना मदत करायची. पुढे शेकडो कंपन्या तिच्या ग्राहक झाल्या.

१९५७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या मॅक्लेलन समितीपुढे हे सगळं उघडं पडलं. समितीचे मुख्य वकील होते रॉबर्ट केनेडी. संघटनेच्या विरोधात कर्मचाऱ्यांच्याच समित्या उभ्या करायच्या, सोयीच्या संघटनेला आत आणायचं, आणि कोणाचा कल कुठे आहे हे मनोवृत्तीच्या पाहण्यांमधून हेरायचं, अशा युक्त्या तिथे नोंदवल्या गेल्या. सिअर्सच्या एका उपाध्यक्षांनी समितीपुढे मान्य केलं की घडलं ते लाजिरवाणं होतं.

आता दोन्ही खोल्या एकत्र बघा. एका खोलीत वर्दी आणि विद्यापीठाचे अभ्यासक. तिथे माणसाचं ऐकून घेतात. दुसऱ्या खोलीत शेफरमन. तिथे संघटना कशी रोखायची ते ठरतं. आणि दोन्ही खोल्या एकाच कंपनीच्या.

सॅनफर्ड जेकोबी या इतिहासकाराने १९८६ मध्ये ‘बिझनेस हिस्टरी रिव्ह्यू’मध्ये याच सर्व्हेंवर लेख लिहिला, आणि पुढे १९९७ च्या ‘मॉडर्न मॅनर्स’ या पुस्तकात सिअर्सवर सविस्तर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की हे सर्व्हे एकाच वेळी गंभीर समाजशास्त्रही होते आणि संघटना दूर ठेवण्याचं साधनही होते. कुठल्या शाखेत खदखद आहे ते आधी कळलं की तिथे आधीच पोहोचता येतं. यातली एक बाजू धरून दुसरी सोडली तर इतिहास अर्धा राहतो. तुमच्यापैकी जे ‘मॅनेजमेंट वाईट, कामगार चांगले’ किंवा उलट असं गृहीतक घेऊन निघाले आहेत, त्यांनी हा लेख जरूर वाचावा.

बर्फाचा दिवस

मधे एक छोटीशी गोष्ट सांगते, कारण पद्धतीच्या दृष्टीने ती मला फार आवडते.

एप्रिल १९७५ मध्ये शिकागोत मोठं बर्फाचं वादळ झालं. ऑफिसला जाणं महाकठीण. आला नाहीत तरी कोणी बोल लावणार नाही अशी परिस्थिती. सिअर्सचं मुख्यालय तिथेच. कंपनीतला संशोधक फ्रँक स्मिथ याच्याकडे वेगवेगळ्या विभागांचे मनोवृत्तीचे आकडे आधीपासून होते. त्याने त्या दिवशीची हजेरी काढली आणि पडताळून बघितली. ज्या विभागांत लोक जास्त समाधानी होते, तिथले जास्त लोक वादळातून वाट काढत आले होते. न्यू यॉर्कच्या ऑफिसात त्या दिवशी हवा नेहमीसारखी होती, तिथे असा संबंध दिसला नाही. १९७७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

यातून आपण काय शिकायचं? रोजच्या दिवशी माणूस कामावर येतो कारण यावंच लागतं. पगार कापतात, शेरा मारतात. त्यामुळे रोजच्या हजेरीवरून त्याचं मन कळत नाही. न येण्याची मुभा मिळाली की मग कळतं. माणसाला खरोखर पर्याय होता का, हा प्रश्न विचारल्याशिवाय वागण्यातून मत काढता येत नाही.

पण दुसरी बाजू इथेही आहेच. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, याच स्मिथने हॅमनर या सहलेखकाबरोबर आणखी एक अभ्यास छापला. एका मोठ्या संस्थेच्या २५० शाखा आणि ८७ हजारांहून जास्त कर्मचारी. आधी गोळा केलेल्या नाराजीच्या आकड्यांवरून, कुठल्या शाखेत पुढे संघटनेची हालचाल होणार याचा अंदाज बांधता येतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे १९३८ मध्ये जी आशा होती, तिला चाळीस वर्षांनी आकडेशास्त्राचा शिक्का मिळाला. फॉर्म भरणाऱ्या बाईने ‘साहेब नीट वागत नाहीत’ असं खूण करून कळवलं. तिला वाटलं, आपण तक्रार सांगतोय. त्याच खुणेतून दुसरं कोणी वाचत होतं की या शाखेत आता संघटना येणार.

ज्या कोर्टात आल्याच नाहीत, त्या बायका

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा तर वाचायलाच हवा.

सिअर्समध्ये विक्रीच्या दोन तऱ्हा होत्या. फ्रिज, भट्ट्या, टायर, कुंपणं असा महागडा माल विकणाऱ्यांना कमिशन मिळायचं आणि त्यांची कमाई चांगली असायची. कपडे, चादरी, सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्यांना ठरलेला पगार. कमिशनवर बहुतेक पुरुष, पगारावर बहुतेक बायका. नोकरीतल्या समान संधीसाठी असलेल्या सरकारी आयोगाने १९७९ मध्ये सिअर्सवर खटला भरला. आयोगाचे आकडे असे होते: १९७३ ते १९८० या काळात पूर्णवेळ विक्रीच्या कामासाठी अर्ज करणाऱ्यांत ६१ टक्के बायका, पण कमिशनच्या जागांवर घेतलेल्यांत २७ टक्केच. उमेदवारांची जी स्वभावचाचणी व्हायची तिच्यात तुम्ही कधी शिकार केली आहे का, फुटबॉलच्या संघात खेळलात का, तुमचा आवाज खालच्या पट्टीतला आहे का, असे प्रश्न होते. कुठल्या उत्तरांना गुण मिळत असतील ते तुम्हीच ओळखा.

सिअर्सचा बचाव काय? बायकांना कमिशनच्या कामात रसच नव्हता. त्यात धोका, स्पर्धा, अवेळी घरोघरी जाणं. ते त्यांना नको होतं. याला आधार म्हणून कंपनीने सर्व्हेंचे आकडेही मांडले. आणि कोर्टात दोन्ही बाजूंनी चक्क इतिहासकार उभे राहिले. सिअर्सच्या बाजूने रोझलिंड रोझेनबर्ग. त्यांचं म्हणणं: स्त्री-पुरुषांच्या कामाबद्दलच्या अपेक्षा इतिहासात वेगळ्या राहिल्या आहेत, म्हणून कमी संख्या म्हणजे भेदभाव असं गृहीत धरता येत नाही. आयोगाच्या बाजूने अ‍ॅलिस केसलर-हॅरिस. त्यांचं म्हणणं: बायकांची ‘आवड’ समोर असलेल्या संधींनी घडते. युद्धासारख्या काळात दारं उघडली तेव्हा बायका त्याच कामांत शिरल्या ज्यांत त्यांना रस नाही असं म्हटलं जात होतं. गंमत म्हणजे रोझेनबर्ग यांनी केसलर-हॅरिस यांच्याच लेखनातले दाखले त्यांच्या विरोधात वापरले.

१९८६ मध्ये न्यायाधीश जॉन नॉर्डबर्ग यांनी सिअर्सच्या बाजूने निकाल दिला. १९८८ मध्ये अपिलातही तो टिकला. निकालात एक मुद्दा वारंवार येतो: आयोगाने केवळ आकडे आणले. ‘मी कमिशनची जागा मागितली आणि मला नाकारली’ असं सांगणारी एकही बाई साक्षीला आणली नाही.

इथे मी नेहमी अडखळते. एकही तक्रारदार उभी राहिली नाही, म्हणजे तक्रार नव्हती? की तक्रार करायची जागा नव्हती? की मागून मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे मागितलंच नाही? कोर्टाला एक उत्तर निवडावंच लागतं. इतिहासकाराला इतकी घाई नसते, पण म्हणून तो सुटतो असंही नाही. आपण ग्रंथालयात बसून लिहिलेलं ‘स्त्रियांची कामाबद्दलची धारणा वेगळी होती’ असं एक साधं वाक्य, उद्या कोणाच्या तरी नोकरीचा फैसला करायला वापरलं जाऊ शकतं. या खटल्यानंतर अमेरिकेतल्या स्त्री-इतिहासकारांत बरीच वर्षं वाद चालला, तो याच मुद्द्यावर. जोन स्कॉट यांचा समता आणि भिन्नता यांवरचा १९८८ चा प्रसिद्ध लेख याच खटल्याची चर्चा करतो.

मग वाचायचं कसं?

याच सुमारास, १९८६ मध्ये, सुझन पोर्टर बेन्सन यांचं ‘काउंटर कल्चर्स’ हे पुस्तक आलं. १८९० ते १९४० या काळातल्या अमेरिकन डिपार्टमेंट स्टोअरमधल्या विक्रेत्या मुलींचा इतिहास. या मुलींनी स्वतःबद्दल फारसं लिहून ठेवलं नव्हतं. मग बेन्सन यांनी व्यवस्थापकांची व्यवसाय-नियतकालिकं मोठ्या प्रमाणावर वाचली. त्यांत साहेब मंडळी सतत कुरकुरत असतात: मुली घोळका करून गप्पा मारतात, दिवसाची ठरावीक विक्री झाली की पुढे जोर लावत नाहीत, दुसरीचं गिऱ्हाईक पळवणारीला वाळीत टाकतात.

बेन्सन यांनी ही कुरकुर उलटी वाचली. साहेबाला जो आळस दिसतो, तो मुलींनी आपापसांत ठरवलेला नियम असतो: दिवसाला इतकीच विक्री, नाहीतर उद्या सगळ्यांचंच टार्गेट वाढेल. साहेबाची तक्रार हीच नोकराच्या नाराजीची नोंद झाली. कागद मालकाचा, पण त्यातून आवाज काउंटरमागचा आला.

मालकाचा कागद म्हणून टाकून द्यायचा नाही, आणि आहे तसा गिळायचाही नाही. माझ्या सरांचं वाक्य मला इथे कळलं.

तुमच्या आराखड्यासाठी मी हे पाच प्रश्न सुचवते. वहीत उतरवून ठेवा. जुनं साधन वाचताना आणि स्वतःची प्रश्नावली बनवताना, दोन्ही वेळा ते कामाला येतात.

१. प्रश्न कोणी विचारला आणि पैसे कोणी दिले? १९३८ ही तारीख आणि वॅगनर कायदा आठवा.

२. कागद गोळा कोणी केला? नाव न लिहिणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. दहा जणांच्या दुकानात अक्षरावरूनही माणूस ओळखू येतो.

३. कुठला पर्याय दिलाच नव्हता? माझ्या फॉर्मात स्टूल नव्हतं.

४. उत्तर देणाऱ्यापुढे दुसरा मार्ग होता का? बर्फाचा दिवस आठवा. नोकरी सोडायची, न यायची, नाही म्हणायची मुभा किती होती?

५. उत्तरांचं पुढे काय झालं? उपाय झाला, की यादी झाली? आणि तुमच्या प्रबंधातल्या उत्तरांचं पुढे काय होणार आहे?

पाचव्या प्रश्नाला आपल्याकडे नैतिकता समितीचा फॉर्म भरला की उत्तर दिलं असं समजतात. तसं नसतं. सिअर्समधल्या अभ्यासकांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. त्यांतल्या काहींना कामगारांबद्दल खरी आस्था होती. पण दुसऱ्या खोलीचं दार उघडं होतं.

आता स्टूलबद्दल. तो प्रश्न मला तेव्हा किरकोळ वाटला होता. नंतर कळलं की केरळमध्ये दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी नेमक्या याच गोष्टीसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. बसायला मिळावं, लघवीला जाऊ द्यावं, एवढीच मागणी. २०१८ मध्ये तिथल्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याची सोय देणं बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. ही नाराजी कुठल्या समाधान-निर्देशांकातून वर आली नव्हती. बायका एकत्र जमल्या, दुकानाबाहेर बोलल्या, तेव्हा ती दिसली.

सिअर्सचं पुढे काय झालं? मोजणं चालूच राहिलं. १९९८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एक गाजलेला लेख लिहिला. कर्मचाऱ्यांच्या मनोवृत्तीत इतकी सुधारणा झाली की ग्राहकांच्या मतात इतकी, आणि उत्पन्नात इतकी, अशी साखळी आकड्यांनी बांधून दाखवली. वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्यामागे कारणं पुष्कळ होती आणि सर्व्हे त्यांतलं कारण नव्हतं. पण मोजलं म्हणजे कळलं, आणि कळलं म्हणजे सुधारलं, ही समजूत आपण तरी बाळगू नये.

ते जुने फॉर्म माझ्याकडे अजून आहेत, टाचणीसकट. टाचणीला आता गंज चढलाय. पीएच.डी.च्या कामासाठी मी दुकानांत जाते तेव्हा कागद काढतच नाही. आधी दुकान बंद व्हायची वेळ विचारून घेते आणि बसस्टॉपवर जाऊन थांबते.

तुमच्या प्रश्नावलीचा पहिला खर्डा झाला की हे पाच प्रश्न तिच्याशेजारी ठेवून बघा. बहुतेक तुम्हाला ती परत लिहावी लागेल. मला तीनदा लिहावी लागली.